लाल पेन्सिलीचे बाण

६ जून

टिटवी,

आशीर्वाद नेहमीचेच. त्यात वाढ करावी असं तू अजून काही केलेलं नाहीस.

धड्याचा पहिला भाग सोबत आहे. तुझ्या संपादकबाईंना सांग, मास्तर निवृत्त झालाय, संपलेला नाही. टाइपरायटरची एक कळ अधूनमधून रुसते, तेवढं सांभाळून घे.

पहिलं चित्र अन्नसाखळीचं हवं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार. कुणी कुणाला खाल्लं हे पोरांना शिकवावं लागत नाही, त्यात त्यांना भलताच रस असतो. खाल्ल्यावर पुढे काय गेलं, ते मात्र डोक्यात शिरत नाही. म्हणून ओंजळीचा प्रयोग धड्यात घातलाय. तूही तो माझ्या वर्गात केला आहेस. पोरं रांगेत उभी करायची. बादली म्हणजे सूर्य. पहिल्याने ओंजळ भरून घ्यायची, दुसऱ्याच्या ओंजळीत ओतायची, त्याने तिसऱ्याच्या. शेवटी घार झालेल्या पोराची नुसती बोटं ओली होतात. दर वर्षी कुणीतरी ओरडायचंच, "सर, घार उपाशी मेली!" मग सांगायचं, की म्हणूनच गवत रानभर असतं आणि घारी मोजक्या. गवताने सूर्याकडून जे घेतलं ते बरंचसं गवतच जगण्यात खर्च करतं. नाकतोड्याला जे मिळतं त्यातलं बहुतेक उड्या मारण्यात आणि श्वास घेण्यात जातं. पुढच्याच्या वाट्याला साधारण दहावा हिस्सा उरतो. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन निसटते. ती नाहीशी होत नाही, पण पुन्हा कुणाच्या ओंजळीत येत नाही.

तुझा दादा परत मागे लागलाय, इकडे राहायला या म्हणून. त्याच्या सहाव्या मजल्यावर मी काय करू? इथे मला जिन्याची पायरी न् पायरी पाठ आहे. खालच्या खोलीत कपडे शिवणाऱ्या एक बाई राहायला आल्यात. दुपारचा चहा आणि टपाल वर आणून देतात. बोलतात कमी, हा त्यांचा मोठा गुण.

नाना

१४ जून

नाना, नमस्कार.

तब्येत विचारत नाही, उत्तर ठरलेलं असतं. ठणठणीत.

धडा वाचून आमच्या चित्रविभागात सगळ्यांनी ओंजळीचा प्रयोग करून पाहिला. माझ्या टेबलावरचे दोन ब्रश आणि एक अर्धवट रंगवलेलं वांगं त्यात वाहून गेलं. संपादकबाई कोरड्याच राहिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या वयात त्यांना झेपेल ना? छपाईच्या वेळी घोळ नको." मी म्हटलं, "ते माझे नाना आहेत. चूक निघालीच तर आपली निघेल." त्यामुळे आता माझी मान तुमच्या हातात आहे.

साखळीची चित्रं पाठवते आहे. बेडकाचे डोळे पाहा, तुमच्या मुख्याध्यापकांवरून घेतलेत. कुणाला सांगू नका. काही चुकलं असेल तर वह्यांवर करायचात तशा लाल पेन्सिलीने खुणा करा आणि परत पाठवा.

दादाचं मनावर घेऊ नका. त्याला काळजी वाटते आणि ती त्याला रागावल्याशिवाय दाखवता येत नाही.

टिटवी

२१ जून

टिटवी,

चित्रं पोचली. बेडूक झकास. पण बाण? अगं, मास्तराची पोर तू, आणि साखळीतले झाडून सगळे बाण उलटे? लाल पेन्सिलीने सरळ केले आहेत. छपाईला गेलं असतं तर हजारो पोरं उलटं शिकली असती.

मला राग नाही आला, काळजी वाटली. तू असली चूक करणारी नाहीस. दमतेस का? त्या संपादकबाई फार राबवून घेतात का? एखादा दिवस सुट्टी घे आणि काहीही न करता लोळत पड.

धड्याचा दुसरा भाग लिहितोय. ऊर्जेच्या मनोऱ्याचा.

नाना

२७ जून

नाना,

मी दमलेली नाही. पण तुमच्या खुणा पाहिल्यापासून कामात लक्ष लागत नाही.

तुम्ही घारीकडून सापाकडे बाण ओढलाय. सापाकडून बेडकाकडे, बेडकाकडून नाकतोड्याकडे, आणि शेवटचा नाकतोड्याकडून गवताकडे. नाना, नेमक्या याच चुकीसाठी तुम्ही मला सगळ्या वर्गादेखत बाकावर उभं केलं होतंत. बाण म्हणजे शिकाऱ्याने रोखलेला भाला नव्हे, असं ओरडला होतात. मी घरी येऊन आईजवळ रडले होते. मग आता हे काय? माझीच काही समजूत घोटाळली आहे का?

बाण कुठून कुठे जातो, ते एकदा तुमच्या शब्दांत लिहून पाठवा ना.

टिटवी

३ जुलै

टिटवी,

म्हणजे आता मास्तराची परीक्षा? घे उत्तर. बाण जो खाल्ला जातो त्याच्याकडून जो खातो त्याच्याकडे. गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे. कारण बाण "कोण कुणावर धावून गेलं" ते सांगत नाही, "ऊर्जा कुठे गेली" ते सांगतो. झोपेतून उठवून विचारलंस तरी हेच सांगीन.

आणि स्वतःच्या चुकीबद्दल एक अक्षर नाही! उलट मलाच प्रश्न. खुणा केल्यात त्याप्रमाणे दुरुस्त कर आणि मोकळी हो.

नाना

१० जुलै

नाना,

तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे. बाणांचं मी बघून घेते, तुम्ही डोक्याला त्रास देऊ नका.

सोबत मनोऱ्याचं चित्र पाठवते आहे. घाई करू नका. खिडकीशी बसून, उजेडात निवांत बघा आणि कसं झालंय ते मोकळेपणी सांगा.

जेवण वेळेवर होतं ना? काल काय जेवलात?

टिटवी

१६ जुलै

टिटवी,

मनोरा उत्तम! खाली रुंद, वर निमुळता, हवा होता तस्सा. ऊर्जा चढत जाते तशी जागा कमी होत जाते, हे पोरांना बघताक्षणी कळेल. एकही खूण करावी लागली नाही. गेल्या वेळचं बोलणं मागे घेतो.

काल काय जेवलो, हे काय विचारणं झालं? परवाचं उरलेलं जेवलो. आता यावर दादाच्या कानाला लागू नकोस.

नाना

२२ जुलै

नाना,

हे पत्र लिहायला घेते आणि फाडते, असं दोन दिवस चाललंय.

मनोऱ्याचं चित्र मी मुद्दाम चुकीचं काढलं होतं. सगळ्यात खाली, रुंद जागेत, घारींचे थवे काढले होते. वर टोकाला गवताचं एकच पातं. एखाद्या लहान पोराने पाहिलं असतं तरी हसलं असतं. तुम्ही उत्तम म्हणालात. पत्रात नियम बरोबर लिहिता आणि चित्रावर उलट्या खुणा करता. खुणांबद्दल विचारलं तर त्यावर एक शब्द नाही. नाना, मला भीती वाटते. तुमच्या बुद्धीवर मी लहानपणापासून आंधळा विश्वास टाकला, तीच आता तुम्हाला दगा देते आहे, असं मला वाटतंय. लपवलं तर पुढे जास्त वाईट होईल.

दादाला सगळं सांगितलंय. तो पुढच्या रविवारी येईल आणि तुम्हाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेईल. ऐका त्याचं. धडा मी दुसऱ्यांकडे सोपवलाय. संपादकबाईंना खरं कारण सांगितलं नाही, तुम्हाला बरं नाही एवढंच म्हटलं.

आणि त्या खालच्या बाई. दादा म्हणतो, मागच्या खेपेला बघावं तेव्हा त्या तुमच्या खोलीत होत्या. एकट्या म्हाताऱ्या माणसाशी कुणी इतकं गोड वागतं ते उगाच नसतं. त्या सांगतील तिथे सही करू नका.

रागवा माझ्यावर. पण उत्तर द्या.

टिटवी

२८ जुलै

टिटवी,

दादा रविवारी येतोय हे कळलं. येऊ दे. त्याच्यासाठी चांगला चहा आणून ठेवायला सांगितलाय, नाहीतर लगेच घर बंद करायच्या गोष्टी सुरू करतो.

इकडे काम जोरात आहे. विघटकांचा भाग लिहायला घेतलाय. बुरशी, जिवाणू, सगळी मागच्या दाराने येणारी मंडळी. धड्यांत यांना नेहमी शेवटच्या ओळीत ढकलतात. मी म्हणतो, घार मेली की तिच्यात उरलेली ऊर्जा कोण वापरतं? तिच्यातली खनिजं मातीला परत कोण देतं? ऊर्जेची वाट एकेरी, पण माती मात्र आपलं सगळं परत घेते. हे नीट लिहिलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात पाठवतो. संपादकबाईंना म्हणावं, जरा दम धरा.

तुझी पत्रं हल्ली फार त्रोटक असतात. काही बिनसलंय का?

नाना

२५ ऑगस्ट

ताई,

तुमची माझी ओळख नाही. तुमच्या वडिलांच्या खोलीखाली मी राहते, शिवणकाम करते. पत्ता तुमच्याच पत्रांवरून घेतलाय. असं पत्र लिहायची मला सवय नाही, पुढचं मागचं झालं तर समजून घ्या.

सरांना दिसत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. जिना उतरतात, दार उघडतात, चहाचा कप बरोबर उचलतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण वाचता येत नाही, चित्र दिसत नाही, माणसाचं तोंड दिसत नाही. मशीनवर टाइप करतात ते बोटांच्या सवयीने. आलेली पत्रं मी वाचून दाखवायचे. मुलांना सांगू नका, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. कळलं तर घर सुटेल म्हणायचे.

तुमची पहिली चित्रं आली तेव्हा सरांनी विचारलं, बाई, बाण बरोबर आहेत का बघा. मी बघितलं तर गवताकडून किड्याकडे बाण. मला वाटलं, खाणारा जातो ना खायला? आम्ही कापडावर खडूने बाण काढतो तो कात्री जिकडे जायची तिकडे. कात्री कापडाकडे जाते, कापड काही कात्रीकडे येत नाही. मी म्हटलं, सर, सगळे उलटे आहेत, मी सरळ करते. त्यांनी लाल पेन्सिल दिली. कसे उलटे ते त्यांनीही विचारलं नाही. आपल्याला दिसत नाही हे पुन्हा पुन्हा कबूल करायला त्यांना जड जायचं.

मग तुमचं पत्र आलं आणि वाचतावाचता कळलं, की चूक माझी होती.  तेवढा मजकूर मी गाळला आणि शेवटचा प्रश्न फक्त वाचला. तिथून सगळं बिघडत गेलं. मनोऱ्याचं चित्र आलं तेव्हा मी घाबरून गेले होते, परत काही चुकायला नको. सर म्हणाले, कसं दिसतंय? मी म्हटलं, खाली रुंद आहे, वर निमुळतं. त्यांना आनंद झाला. घारी वर हव्यात की खाली, ते मला काय ठाऊक!

त्यानंतरचं पत्र मी आधी जिन्यातच वाचलं. त्यात माझ्याबद्दल होतं, ते जाऊ दे. पण सरांचं डोकं चालत नाही, हे त्यांच्याच मुलीचं लिहिलेलं त्यांना मी कसं वाचून दाखवू? मी म्हटलं, दादा रविवारी येतायत आणि बाकी सगळे खुशाल. सर म्हणाले, एवढ्या जाड पाकिटात एवढंच? मी म्हटलं, अक्षर मोठं आहे.

डॉक्टरकडून आल्यावर दादा वरच्या खोलीत कपडे भरत होते. सर खाली येऊन मला सांगत होते. डॉक्टरांनी चित्रं दाखवून हे काय ते काय विचारलं, तर सर म्हणाले, आठवत नाही. घड्याळ काढायला सांगितलं. यांना कागदच नीट दिसेना, तर म्हणाले, आता नको, विसरलो. मला हसतहसत सांगत होते, कसा निसटलो बघा म्हणून. डोळ्यांचं लपलं, एवढाच त्यांना आनंद. ते डोक्याचे डॉक्टर होते हे त्यांना माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. तुमच्या पत्रात होतं. तरी मी गप्प बसले.

दादा त्यांना तसेच घेऊन गेले. टाइपचं मशीन इथेच राहिलंय, मी झाकून ठेवलंय. त्यांना तिथे कोण वाचून दाखवत असेल? मला काय बोलायचं ते बोला, ताई, पण त्यांना कुणीतरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

खालच्या बाई

३१ ऑगस्ट

नाना,

हे पत्र वहिनी तुम्हाला वाचून दाखवेल. वहिनी, सगळं मोठ्याने वाच, कुणाची दया म्हणून एक ओळसुद्धा गाळू नकोस. सोबत खालच्या बाईंचं पत्र आहे, आधी ते वाच आणि मग इथून पुढे.

नाना, आता तुम्हाला कळलं, की मला कळलंय. तुमच्या डोळ्यांचं कळायला मला एका परक्या बाईची गरज पडली, याची मला शरम वाटते. मला तुमचा थोडा रागही आलाय, तोही सांगून टाकते. आणि मी तुमच्यापुढे उलटा मनोरा ठेवला, जाळं लावून तुम्ही अडकता का बघत बसले. कुणा अनोळखी माणसाशीही मी असं वागले नसते. त्याबद्दल मला माफ करा म्हणायचीही लाज वाटते, तरी म्हणते.

दादाला लिहिलंय. या आठवड्यात तो तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईल. वहिनी, तो टाळाटाळ करायला लागला तर तू ने.

धड्याचं वाईट आहे. मी संपादकबाईंच्या टेबलापाशी उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि छापखान्याची पावती दाखवली. दुसऱ्यांनी लिहिलेला धडा गेला. त्यात ओंजळ नाही. विघटक शेवटच्या ओळीत आहेत. चित्रं माझीच आहेत आणि मला ती बघवत नाहीत.

त्या सांगतील तिथे सही करू नका, असं मी खालच्या बाईंबद्दल तुम्हाला लिहिलं होतं. त्यांना मी वेगळं पत्र लिहिते आहे. काय लिहू ते अजून सुचत नाही.

मी पंधरा दिवसांनी, शनिवारी येते.

टिटवी

६ सप्टेंबर

टिटवी,

खूप वर्षांनी हाताने लिहितोय. वहिनीने पट्टी धरून ठेवली आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या तर तिला बोल लावू नकोस, पट्टी सरकवायला मीच विसरतो. हे विसरणं खरं आहे, बरं का.

वहिनीने दोन्ही पत्रं वाचली, न गाळता.  मी जेवलो नाही त्या दिवशी. बुद्धी गेली असं तुला वाटलं, याचं दुःख झालं. त्याहून जास्त याचं, की वाटायला पुरेपूर कारण मीच दिलं. दिसत नाही असं म्हणालो असतो, तर तू मला चित्रं पाठवणं बंद केलं असतंस. न दिसणारी का होईना, पण पाकिटातून तुझी चित्रं निघायची आणि कागदाला रंगाचा वास यायचा. तेवढ्यासाठी खोटं बोलत राहिलो. घराची भीती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरवर.

डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, मधला भाग गेला तो गेला. कडा राहतील. लवकर आला असता तर, असं तो म्हणायला लागला, मी त्याला थांबवलं.

बाईंवर मी चिडलो. मनातल्या मनात फार बोललो. मग आठवलं, बाण कसे उलटे आहेत, एवढं विचारायला मला एक वाक्य पुरलं असतं. पोरांना मी वाक्यावाक्याला विचारायचो. बाईंना नीट लिही. तुझं ते सहीबद्दलचं वाक्य त्यांनी स्वतः वाचलंय आणि तरी त्या माझ्यासाठी चहा वर आणत राहिल्या.

धडा गेला. "जाऊ दे" असं लिहिणार होतो, पण तसं वाटत नाही. मला त्याचा फार त्रास होतोय. विघटकांचा भाग टाइप करून मशीनशेजारी ठेवलाय, तो कुणीच वाचलेला नाही. मला परत घरी जायचंय. दादाला तसं सांगितलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तू आलीस म्हणजे तिघांनी बसून बोलू. मी ओरडलो तर ओरडू दे.

शनिवारी ये. एक सांगून ठेवतो. तू आल्याआल्या खुर्ची ओढून माझ्या पुढ्यात बसशील, तुझी सवय आहे. तशी बसू नकोस. समोरच्या माणसाच्या जागी मला नुसता करडा डाग दिसतो. डाव्या हाताला बस, जरा मागे सरकून. आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो, तर नाना आपल्याकडे बघत नाहीत असं मनात आणू नकोस. त्या वेळी मी तुलाच बघत असेन.

नाना